भिंतीकडची बाजू

"तुमचा नवरा पलंगाच्या कोणत्या बाजूला झोपतो?" परवानगीच्या कचेरीतल्या साहेबिणीने विचारलं.

प्रश्न इतका सोपा निघाला की धाकटीला हसूच आलं. नवऱ्याला त्या देशात राहू द्यायचं तर लग्न खरं की कागदापुरतं, हे साहेबीण तपासणार होती. सासूचं माहेरचं आडनाव, नवऱ्याच्या शाळेचं नाव, लहानपणी झाडावरून पडून त्याचा कुठला हात मोडला होता, असलं सगळं आठवडाभर घोकून ती आली होती. आणि ही बाई विचारते काय, तर बाजू!

"भिंतीकडच्या," धाकटी म्हणाली.

"आणि तुम्ही?"

"मीसुद्धा भिंतीकडच्याच."

साहेबिणीचं पेन थांबलं. तिला सर्दी झाली होती. दर थोड्या वेळाने ती रुमालात नाक शिंकरायची आणि 'माफ करा' म्हणायची. आता ती नाक शिंकरायचंही विसरली. ती बोलत होती तिकडच्या भाषेत आणि धाकटी तिला उत्तरं देत होती त्याच भाषेत, मोडकीतोडकी. आपण ते आपल्या बोलीत सांगतोय, एवढंच.

"दोघंही भिंतीकडे? मग बाहेरच्या बाजूला कोण झोपतं?"

"कोणीच नाही. तिकडची फळी खचलीय."

खरं तर इथे धाकटीने तोंड मिटायला हवं होतं. पण समोरचा माणूस गोंधळला की आपण दुप्पट बोलायचं, ही तिची जन्माची खोड. ती म्हणाली, "म्हणजे आम्ही एका वेळी झोपत नाही ना! तो सकाळी येतो, मी सकाळी जाते. मी उठले की तो झोपतो."

"रोज?"

"रोज."

"मग तुम्ही एकत्र कधी झोपता?"

धाकटीने विचार केला. अगदी प्रामाणिकपणे केला. आणि तिच्या ध्यानात आलं की एका पलंगावर, एका वेळी, रात्रभर, असे ते दोघं लग्नाआधी कधी झोपले नव्हते आणि लग्नानंतरही नाही. आजवर तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्या खोलीत, त्या सर्दी झालेल्या बाईसमोर, ते पहिल्यांदाच विचित्र वाटलं.

धाकटी म्हणजे ताईची धाकटी. ताई लग्न होऊन परदेशात आली, स्थिरावली आणि मग तिने धाकट्या बहिणीला बोलावून घेतलं. एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात चिकटवलं. पुढे रीतसर कायमची राहण्याची परवानगीही मिळवून दिली. ताई कर्तबगार बाई. आणि कर्तबगार माणसांचं असतं तसंच तिचंही होतं. ज्याचं भलं केलं त्याने जन्मभर आपलं ऐकावं अशी तिची माफक अपेक्षा. सुरुवातीला धाकटी ताईकडेच राहिली. पण बहिणीचं घर म्हणजे शेवटी भावजींचं घर. भावजी बिचारे काही बोलत नसत, फक्त न्हाणीघराच्या दाराशी टॉवेल घेऊन उभे राहत. ते उभं राहणं धाकटीला बोलण्यापेक्षा जास्त लागे.

म्हणून तिने हॉस्पिटलच्या बसरस्त्यावर जागा शोधली, आणि मिळाली ती अर्धी. म्हणजे खोली पूर्ण, पलंग अर्धा. तिकडे कामकऱ्यांच्या वस्तीत पलंग पाळीने देतात. रात्री एकाने झोपायचं, दिवसा दुसऱ्याने. घरमालकिणीला सगळे मावशी म्हणत. ती कोणाचीच मावशी नव्हती, आणि तसं वागायचा तिने कधी प्रयत्नही केला नाही. जिन्याच्या टोकाची खोली उघडून तिने धाकटीला सांगितलं, "दिवसा इथं एक बेकरीवाला झोपतो. रात्री भट्टीवर असतो. तुझा त्याचा काही संबंध येणार नाही. उठलं की आपापली चादर काढायची, घडी करून खुर्चीवर ठेवायची. उशी एकच आहे."

ताईला धाकटीने सांगितलं, "दिवसा एक नाइटवाली असते." एवढं एक खोटं. पुढे त्याचं काय काय झालं ते येईलच.

तर पहिल्या संध्याकाळी धाकटी कामावरून आली आणि खुर्चीवर त्याची चादर पाहिली. चौकड्याची. घडी अशी, की वाचून झालेला पेपर बरा. धाकटी दिवसभर चादरींच्याच घड्या घालणारी. इस्त्रीच्या गरम रुळातून चादर बाहेर आली की दोघींनी दोन टोकं धरायची, काठाला काठ, कोपऱ्याला कोपरा. तिला ते बघवेना. तिने ती चौकड्याची चादर उलगडली आणि नीट घडी घालून परत ठेवली. झालं, एवढंच. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर चादरीची घडी कालच्यासारखी, म्हणजे तिने घातली होती तशी. जरा तिरकी, पण प्रयत्न दिसत होता. तिसऱ्या दिवशी आणखी बरी. हा माणूस न बोलता शिकतोय, हे तिला आवडलं.

मग एका संध्याकाळी तिने डोकं टेकलं तर उशी गार लागली. दिवसभर माणूस झोपून गेलेली उशी गार कशी? तर त्याने जाताना ती उलटून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर तिनेही उलटली. पुढे खिडकीच्या कट्ट्यावर कागदात गुंडाळलेला पाव दिसू लागला. तिने खुंटीवरच्या त्याच्या शर्टाचं लोंबणारं बटण टाचून दिलं. महिनोन् महिने असं चाललं आणि तोवर दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं.

पाहिलं ते जिन्यात. तिला त्या दिवशी उशिरा जायचं होतं आणि तो वर येत होता. भुवयांवर पीठ, डोळे जागरणाने लाल.

"तुम्ही म्हणजे निळी चादर का?" त्याने विचारलं.

"आणि तुम्ही चौकड्याची," ती म्हणाली.

मग दोघंही जिन्याला टेकून उगाचच हसत उभी राहिली. खालून मावशी ओरडली, "जिना काय बापाचा आहे?"

त्यानंतर तो थोडा लवकर येऊ लागला आणि ती थोडी उशिरा निघू लागली. मधल्या वेळेत चहा. रविवारी तिला सुट्टी, पण त्याला दिवसा झोपायला जागा हवी, म्हणून ती ताईकडे जाई. त्याला आठवड्यातून एक रात्र सुट्टी, पण भट्टी थंड असते ती तेवढीच एक रात्र, म्हणून त्या रात्री तो भट्टी घासायला जाई. कधी तिची ड्यूटी उशिरा लागली तर ती सकाळ त्यांची. नवराबायकोचं जे काय असायचं ते त्यांनी असल्या सकाळींत बसवलं होतं. त्याचा तपशील विचारायची साहेबिणीलाही लाज वाटली, मग आपण कशाला विचारा!

आता साहेबीण विचारत होती, "तुमचे संबंध नक्की कधी सुरू झाले?"

धाकटीच्या जिभेवर उत्तर आलं होतं. चादर एक झाली तेव्हा. एका थंडीत खोलीतला हीटर बंद पडला आणि तिने आपल्या निळ्या चादरीवर त्याची चौकड्याची चादर ओढून घेतली. सकाळी घाईत दोन्ही तशाच राहिल्या. त्याने त्या काढल्या नाहीत. संध्याकाळी तिने काढल्या नाहीत. पुन्हा कोणीच कधी काढल्या नाहीत. पण हे परक्या बाईला परक्या भाषेत कसं सांगायचं? 'आमची चादर एक झाली' म्हटलं तर ती भलताच अर्थ काढणार. आणि भलता तरी कसा म्हणायचा?

"थंडीत," ती म्हणाली. "कुठल्या ते आठवत नाही."

"लग्नाचं कोणी विचारलं?"

"त्यानं."

साहेबिणीने समोरच्या कागदावर बघितलं. नवरा आधीच आत जाऊन आला होता. त्याने काय सांगितलंय ते तिच्यासमोर होतं आणि धाकटीला उलटं दिसत होतं.

"तो घोरतो का?"

आता आली का पंचाईत! धाकटीला माहीत नव्हतं. तिने त्याला झोपलेला कधी पाहिलाच नव्हता. तो आडवा व्हायचा तेव्हा ती बसस्टॉपवर असायची. माहीत नाही म्हणावं तर बायको कसली, आणि काहीतरी ठोकून द्यावं तर त्याने काय सांगितलं असेल कोण जाणे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"नाही," ती म्हणाली. "अगदी शांत झोपतो."

साहेबिणीने लिहून घेतलं आणि शेवटी नाक शिंकरलं. "माफ करा," ती म्हणाली. ते सर्दीबद्दल होतं की आणखी कशाबद्दल, हे धाकटीला कळलं नाही.

बाहेर फुटपाथवरच्या बाकावर तो बसला होता. लग्नात घातलेला कोट, मांडीवर टोपी. रात्रभर भट्टीवर उभा राहून तो सरळ इकडे आला होता आणि डोळे उघडे ठेवायला धडपडत होता.

"काय काय विचारलं?" तिने बसता बसता विचारलं.

"बाजू विचारली. मी म्हटलं, भिंतीकडची."

"आणि माझी?"

"तीपण भिंतीकडचीच म्हटलं. खरं तेच सांगायचं ठरलं होतं ना आपलं?"

"लग्नाचं कोणी विचारलं म्हणून सांगितलंस?"

"तू."

"मी?" धाकटी उभीच राहिली. "मी कधी विचारलं?"

"अगं, दारात नाही का! मी म्हटलं बेकरी विकली, नवा मालक माझे कागद करणार नाही. तर तू म्हणालीस, मग आता काय करायचं?"

"ते विचारणं झालं? आणि त्यावर तू म्हणालास, जे करायचं ते करून टाकू. त्यालाच मी विचारणं धरलं!"

"मी आपला सगळ्याचंच म्हणालो होतो गं."

समोरून जाणारी एक बाई त्यांच्याकडे बघत गेली. नवराबायको भांडतायत हे कोणालाही कळलं असतं. साहेबीण तेवढी खिडकीशी यायला हवी होती, असं धाकटीला वाटून गेलं.

"संबंध कधीपासून म्हणालास?"

"बटण लावलंस तेव्हापासून."

धाकटी पुन्हा बाकावर बसली. बटण तर जिन्यातल्या भेटीच्याही किती आधीचं. एवढ्या आधीपासून हा माणूस तिच्याशी संबंधात होता, आणि तिला पत्ता नाही! तिला बरंही वाटलं आणि रडूही आलं. एका वेळी दोन्ही वाटलं की माणसाने काय करावं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून म्हणतात. त्यांचं लग्न तसं फारच सोपं झालं होतं. सरकारी कचेरीत दोन सह्या, साक्षीला ताई आणि भावजी. तोवर 'नाइटवाली'चं बिंग फुटलं होतं. ताईने आधी कपाळावर हात मारला, मग धाकटीला स्वयंपाकघरात नेऊन दार लावलं.

"अगं, कागदासाठी करतोय तो. एवढं कळत नाही तुला?"

"तसं नाही ताई."

"मग कसं? परवानगी संपत आली आणि नेमकं तेव्हाच प्रेम उतू गेलं? आधी का नाही म्हणाला?"

"आधी तशी वेळ आली नाही."

"एका खोलीत राहता आणि वेळ आली नाही! दोन डोळे शेजारी, भेट नाही संसारी! कसला गं हा संसार? भेटता तरी का?"

तरी ताई साक्षीला आली. चांगली साडी नेसून आली आणि सही करून झाल्यावर म्हणाली, "आता तरी त्याला अहो म्हण. नवऱ्याला अरेतुरे करतेस ते ऐकवत नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने चहा देताना म्हणून पाहिलं, "अहो, साखर घेता का?" तो दचकून मागे बघायला लागला, की घरात कोण आलं. मग दोघंही हसून बेजार. तो विषय तिथेच संपला.

पण ताईचं बोलणं कुसळासारखं टोचत राहिलं. एकदा चहा पिता पिता तिने विचारलंच, "कागदाचं नसतं, तर केलं असतंस का लग्न?"

त्याने विचार केला. तो सगळ्याच गोष्टींचा विचार करायचा, पिठात पाणी किती घालायचं त्याचाही. पण या प्रश्नाला एवढा वेळ लावायला नको होता. कपातला चहा गार झाला.

"कागदाचं नसतं तर लग्नाचं आठवलंच नसतं गं," तो म्हणाला. "आपलं चाललं होतं की छान."

आता यावर खूश व्हावं की रुसावं? ती त्या दिवशी बसमध्ये एकदा खूश झाली, एकदा रुसली, आणि हॉस्पिटलचा स्टॉप चुकली.

निर्णय काही आठवड्यांनी आला. पाकीट ताईनेच फोडलं, कारण सरकारी भाषा तिलाच वाचता यायची. ती आधी मनात वाचून गेली आणि मग पत्र घडी करून परत पाकिटात घालायला लागली. तेवढ्यावरून काय ते धाकटीला कळलं.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, हे दोघं एका जागेत पाळीने राहणारे भाडेकरू आहेत. नवराबायको असल्याचं पटत नाही," ताई म्हणाली. "त्यानं परत जायचं. तिकडून पुन्हा अर्ज करायचा."

"मग पुन्हा कधी यायचं?"

"ते लिहिलेलं नाही."

भावजी दाराशी उभे होते. आज हातात टॉवेल नव्हता. "कर नाही त्याला डर कशाला, असं मीच म्हणालो होतो," ते हळूच म्हणाले. "खरं सांगा म्हटलं. चुकलंच माझं."

चुकलं का? धाकटीला ते ठरवता येईना. खोटं बोलले असते, तो भिंतीकडे आणि मी बाहेर असं घोकून गेले असते, तर ते खरे नवराबायको ठरले असते. खरं बोलले म्हणून खोटे ठरले. आणि ते पत्र म्हणतंय तेही अगदीच खोटं कुठे होतं? पाळीने राहणारे भाडेकरू तर ते होतेच. फक्त तेवढेच नव्हते. पण त्यापुढचं जे काय होतं ते दाखवायला तिच्याकडे काय होतं? उलटून ठेवलेली उशी? ती दाखवायला नेली तर वाटेतच गरम होणार.

परवानगी संपली तशी त्याला भट्टीवर जाता येईना. जायच्या तारखेपर्यंतचे थोडे दिवस राहिले होते आणि या दिवसांत, आयुष्यात पहिल्यांदा, तो संध्याकाळी घरी होता. धाकटी कामावरून आली तर तो पलंगावर बसलेला. तिला क्षणभर वाटलं, आपणच चुकीच्या वेळी आलो.

तिला पहाटे उठायचं असे, म्हणून दिवेलागणीनंतर लगेच आडवं व्हायची सवय. दोघंही आडवे व्हायला गेले आणि दोघंही भिंतीकडे. डोक्यावर डोकं आपटलं.

"तू हो तिकडे," तो म्हणाला. "मी बाहेरच्या बाजूला होतो."

झाला, आणि खचलेल्या फळीवरून सरळ खड्ड्यात गेला. पाय वर, डोकं खाली. धाकटी पोट धरून हसली. खालून मावशीने काठीने छत ठोकलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आली तर तो पलंगाखाली शिरलेला. जुन्या बेकरीतून त्याने एक जाड फळी मागून आणली होती, पाव गार करायला ठेवतात ती. वर्षानुवर्षं पीठ मुरून ती पांढरट झाली होती. ती त्याने मापात कापली आणि खचलेल्या जागी ठोकून बसवली. मग वर बसून दोनदा उड्या मारून पाहिल्या.

"एवढं सोपं होतं, तर इतकी वर्षं का नाही केलंस?" धाकटीने विचारलं.

"गरज कुठे होती?" तो म्हणाला. "आपल्याला एक बाजू पुरत होती."

हे बोलून गेल्यावर तो हातातल्या हातोडीकडे बघत बसला. पलंगाला आता दोन बाजू होत्या.

त्या रात्री तो झोपला आणि ती जागी राहिली. तिला बघायचं होतं. आधी त्याचा श्वास लांब झाला, मग तोंड थोडं उघडलं, आणि मग सुरू झालं. काय घोरायचा तो! धुलाईघरातला मोठा रूळ बरा. धाकटीने त्याला कोपराने ढोसलं.

"अरे, घोरतोस की रे तू!"

"हं?"

"मी तिथं सांगून आले, शांत झोपतो म्हणून."

"मग आता सांग जाऊन," तो झोपेतच म्हणाला आणि कूस बदलून पुन्हा घोरायला लागला.

धाकटी भिंतीला टेकून बसून राहिली. आता तिला ते उत्तर माहीत होतं, आणि विचारणारं कोणी नव्हतं. तिला साहेबिणीचा राग आला. मग वाटलं, तिचं तरी काय चुकलं? तिने विचारलं तेव्हा आपल्याला खरंच माहीत नव्हतं. मग राग कोणावर काढायचा? त्याच्यावर काढावा तर तो झोपलाय. ती बराच वेळ तशीच बसली आणि ऐकत राहिली. सकाळी धुलाईघरात उभ्या उभ्या पेंगत होती.

विमानतळावर निरोप द्यायला ताई-भावजीही आले. ताईने त्याच्यासाठी भावजींचा एक स्वेटर आणला होता. "विमानात थंडी असते," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. त्याने तो तिथेच अंगात घातला. बाह्या आखूड झाल्या. धाकटीशी त्याला काय बोलायचं होतं कोण जाणे. तो म्हणाला, "उशीचा अभ्रा फाटत आलाय. बघ." ती म्हणाली, "बघते." मग तो आत जाणाऱ्यांच्या रांगेत मिसळला.

तेव्हा तिला दिसलं की त्याची टोपी बाकावर राहिली. ती टोपी घेऊन धावली. कठड्याशी तिला अडवलं. पलीकडे गर्दी, सगळे पाठमोरे. नावाने हाक मारायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं भलतंच.

"अहो!"

गर्दीतून एकच माणूस वळला. या खेपेला त्याने मागे कोण आहे ते शोधलं नाही. सरळ तिच्याकडे बघितलं. ती टोपी हलवून दाखवत राहिली. त्याने हातानेच खूण केली, राहू दे तुझ्याकडे. आणि मागच्यांनी पुढे रेटलं तसा तो गेला.

रविवारी ताईचा फोन आला. आजवर ती त्याला 'तो तुझा पाववाला' म्हणायची. त्या दिवशी म्हणाली, "काय गं, तुझा नवरा पोचला का नीट?" धाकटी म्हणाली, "पोचला."

नवा अर्ज गेला आहे. पुन्हा बोलावतील, पुन्हा विचारतील, असं ताई म्हणते. त्याने लग्न कागदासाठी केलं की तिच्यासाठी, हे धाकटीला अजून नीटसं ठरवता आलेलं नाही. कधी वाटतं हे, कधी वाटतं ते. पूर्वी असं वाटलं की तिची झोप उडायची. आता उडत नाही, एवढाच फरक.

काही दिवसांनी मावशी जिना चढून वर आली. ती सहसा चढायची नाही. दारात दम खात उभी राहिली आणि तिने खोलीभर नजर फिरवली. खुंटीवरची टोपी, खिडकीचा रिकामा कट्टा, पलंग.

"दिवसाची जागा मोकळी झाली ना आता?" ती म्हणाली. "एक मुलगी विचारतेय. नर्स आहे, रात्रपाळीची. शांत आहे, चादरबिदर स्वतःची आणेल."

"मोकळी नाही, मावशी," धाकटी म्हणाली.

"अगं, पण तो तर..."

"गावाला गेलेत ते. येतील."

मावशीने तिच्याकडे पाहिलं. "फळी कोणी बसवली गं?" एवढंच विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी नेहमीच्या वेळेला उठली. निळी चादर ओढून सारखी केली, तिच्यावर चौकड्याची पसरली, काठाला काठ लावला. चहा करून उभ्याउभ्याच प्यायली. बसची वेळ झाली होती. दाराला कडी घालता घालता ती परत आत आली, भिंतीकडची उशी उचलून तिने उलटी केली, गार बाजू वर, आणि कामावर गेली.